रिकामी जागा

तळपदेसाहेबांची आणि माझी पहिली भेट सहा वर्षांपूर्वी दादरच्या आमच्या कार्यालयात झाली. विजेच्या गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंगच्या जागा शोधायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. निवृत्तीनंतर साहेब सल्लागार म्हणून आले होते, मी त्यांच्या हाताखाली सर्वेक्षक. राहायला कुठे, एवढंच त्यांनी विचारलं. ‘आता कळव्याला, पण वाढलो घोडपदेवच्या चाळीत,’ मी म्हणालो. ‘मग गल्ल्या तुम्हीच आम्हाला शिकवा,’ ते म्हणाले. या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस फुशारलो.

साहेब स्वतः गिरगावचे. नकाशावर त्यांचा विश्वास बेताचाच. गिरगावात चार्जिंगचं एक यंत्र सुरू झालं, पाहुणे चहाला गेले आणि साहेब तिथेच थांबले. काठी टेकत चाललेले एक आजोबा जमिनीवर पडलेली वायर ओलांडताना अडखळले, ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी वायर अडकवायला भिंतीवर हूक बसले. ‘वीज गाडीवाल्याला मिळते, वायर मात्र चालणाऱ्याच्या पायात येते,’ ते म्हणाले.

त्यांच्या दूरदृष्टीवर या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या फॉर्मवर ‘जागा: रिकामी / वापरात’ असा रकाना होता. माझ्याच चाळीने आवारात यंत्र लावायला होकार दिला आणि जागा ठरवणं आमच्यावर सोपवलं, तेव्हा मी तिकडे फिरकलोही नाही. आवार मला तोंडपाठ होतं. दादरला खुर्चीत बसून पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा निवडला आणि ‘रिकामी’वर खूण केली. ‘जाऊन आलात?’ साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.

तो कोपरा एरवी रिकामाच असतो. चाळीत कोणी गेलं की तिरडी तिथे बांधतात, माणसाला शेवटचं तिथे ठेवतात आणि वरच्या गॅलऱ्यांतून सगळी चाळ हात जोडते. माझ्या वडिलांनाही आम्ही तिथूनच नेलं होतं. तरी खूण करताना मला यातलं काही आठवलं नाही.

काही महिन्यांनी तळमजल्यावरचे दत्ताकाका गेले. कोपऱ्यात टॅक्सी चार्जिंगला लावून चालक जेवायला गेला होता. काकांची तिरडी भर रस्त्यावर, हॉर्नच्या गोंगाटात बांधावी लागली. दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन चाळीत गेले. काकांच्या पत्नी, सुलूमावशी, दारात बसल्या होत्या. ‘आमच्या माणसाक ठेवूक जागा उरली नाय, साहेब,’ एवढंच त्या म्हणाल्या. कमिटीतल्या एकाने चढ्या आवाजात विचारलं, ‘जागा बघायला आलेलं कोण?’

‘कागदावर सही माझी आहे. चूक माझी,’ असं म्हणून सत्तरी ओलांडलेल्या साहेबांनी हात जोडले. मी त्यांच्या मागे उभा होतो आणि गप्प राहिलो. परतताना तरी ते काही बोलतील, या भीतीने मी खिडकीबाहेर बघत बसलो. ते बोलले नाहीत. आजतागायत नाहीत.

आठवड्याभरात यंत्र फाटकाबाहेर हललं. फॉर्मवरचा ‘रिकामी’ हा शब्द साहेबांनी काढून टाकला. तिथे ‘इथे काय काय होतं?’ असा रकाना आला आणि उत्तर सर्वांत जुन्या रहिवाशाकडूनच घ्यायचं ठरलं. परळ, लालबाग, वरळी, सगळीकडे आता तोच फॉर्म चालतो. सभांमध्ये या रकान्याचं कौतुक होतं तेव्हा मीही टाळ्या वाजवतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो रकाना माझ्या खोटेपणामुळे आला, हे मी इथे लिहून ठेवतो.

हा लेख लिहिण्याआधी, गेल्या रविवारी, सुलूमावशींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्यासाठी मी अजून चाळीतला बाबूच. त्यांनी स्वस्थपणे ऐकलं. ‘तुझे साहेब ह्यांच्या बाराव्याक इल्ले,’ त्या म्हणाल्या. ‘मी इचारलंय, जागा आमच्या बाबूनंच बघितल्यान मा? तर म्हणाले, तो येईल आपणहून, त्याला वेळ द्या.’ मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, ‘तीन वर्सां लागली तुका.’

साहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, हे मागताना मी माझा स्वार्थ लपवत नाही. माझ्यासारख्यांना खरं बोलायला वेळ लागतो आणि तोवर थांबणारं कोणीतरी हवं असतं. हा ग्रंथ त्यांच्या हाती पडण्याआधी मी त्यांच्या गिरगावच्या घरी जाणार आहे. ही कबुली त्यांना आधी छापील वाचावी लागावी, एवढा भित्रेपणा आता पुरे.