एसीच्या पाण्यावरची अंबाडी

सौदीतल्या अल खफजीत ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्राकडून अशी दमट हवा येते की सकाळी हॉस्टेलच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. चष्मा पुसायचा, बसमध्ये बसायचं, बारा तासांची ड्युटी करायची, परत येऊन पडायचं. मी तेव्हा तिथल्या एका हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची इनचार्ज होते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गुडघे आधीच थकलेले. मुलाच्या मेडिकलची शेवटची वर्षं राहिली होती. माझा करार नोव्हेंबरात संपत होता आणि तो आणखी दोन वर्षांनी वाढणं मला भाग होतं. त्यासाठी फाइल कोरी लागायची. एक तक्रार लागली की खलास, घरी जा.

नेमकी त्याच वर्षी मी अंबाडी लावली.

बियाणं भावाने दिलं होतं. त्याचं गावाकडे कृषी केंद्र आहे. "संकरित आहे, ताई. बोंडं रसाळ, करवंदासारखा वास येतो," तो म्हणाला. मी विदर्भातली. आमच्याकडे अंबाडीची भाजी, कण्या आणि वरून लसणाची फोडणी एवढं असलं की दुसरं काही लागत नाही. तिथल्या मंडईत कोथिंबीर, पुदिना, तिथला जिरजीरचा पाला सगळं मिळायचं, अंबाडी नाही.

आमच्या खोल्यांमागे एसींच्या ओळीखाली एक बोळ होता. नळाचं पाणी खारट, म्हणून मी एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या आणि ते गोडं पाणी वापरलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली. रोपं वर आली, आणि लगेच पानांवर भुरी. पांढरी पावडर टाकल्यासारखी. दमट हवेत झाड वाढवायचं म्हणजे पाणी घालण्यापेक्षा वारा खेळवण्याचं काम जास्त. डबे हातभर अंतरावर ठेवले, खालची पानं खुडली, पाणी फक्त बुडाशी, तेही सकाळी. मोडीत निघालेला टेबलफॅन लावला. खुडलेली चांगली पानं बाहेर वाळत नसत, बुरशी धरत. म्हणून ती खोलीत एसीसमोर वर्तमानपत्रांवर पसरून वाळवली आणि बरण्यांत भरली.

आणि सवयीने, वॉर्डात करते तसं, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं: बेड एक, बेड दोन, बेड तीन. खाली पेरणीची तारीख, भुरी दिसली त्याची तारीख. शेजारी भिंतीवर ह्युमिडिटी मीटर.

माझी रूममेट रत्नागिरीची, माझ्यापेक्षा बरीच लहान. ती म्हणायची, "ताई, आता बेड चारला सलाइन लावा. तुम्हा घाटावरच्या लोकांना जगात एवढाच आंबट पाला सापडला?"

"तुमच्या कोकमापेक्षा बरा," मी म्हणायची.

रोपं कमरेएवढी झाली तेव्हा हॉस्टेलची सुपरवायझर एसीची गळती बघायला बोळात आली. ती जॉर्डनची, माझ्याच वयाची, आमच्याशी इंग्रजीत बोलायची. तिने एक पान उचलून धरलं. अंबाडीच्या या जातीचं पान हाताच्या पंज्यासारखं असतं, पाच बोटं, कडा करवतीसारख्या. मग तिने पंखा पाहिला, मीटर पाहिलं, चिकटपट्ट्या पाहिल्या. खिडकीतून वर्तमानपत्रांवरचा पाला दिसत होता.

"सिस्टर, हे काय आहे?"

"भाजी."

"भाजीला नंबर घालतात?"

तिला काय वाटतंय ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या देशात गांजाचा नुसता संशयही परवडणारा नव्हता. आणि मी तो व्यवस्थित तारखा घालून, पंखा लावून उभा केला होता.

रूममेटने पटकन एक पान तोडून तोंडात टाकलं. "बघा मॅडम, आंबट आहे! खाऊन बघा!"

"ते पण लोक खातात," सुपरवायझर म्हणाली.

मी म्हटलं, "लॅबला पाठवू या. रिपोर्ट येईल." आयुष्यभर हेच केलेलं. शंका आली की सॅम्पल पाठवायचं.

"पाठव. फॉर्मवर पेशंटचं नाव काय लिहिशील?"

कागद गेला की तो माझ्या फाइलला लागणार, रिपोर्ट काहीही येवो.

"फूल येईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "पिवळं, भेंडीसारखं. फूल बघितलं की तुमची खात्री पटेल."

"आणि नाही आलं तर? माझाही इथे राहण्याचा इकामा आहे, सिस्टर. माझ्याही मुली शिकतायत." तिने पान खाली टाकलं. "शुक्रवारी दुपारी मी येते. इथे काही नसेल, तर मी काही पाहिलं नाही."

ती गेल्यावर रूममेट चिडली. "उपटायची नाहीत हं, ताई. आपण काय चोरी केलीय? कळ्या धरतच आल्यात."

"कळ्या धरतील तेव्हा धरतील. करार नोव्हेंबरात आहे."

"मग गप्प बसायचं?"

"हो."

तिला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं, पण मला आता कुणाला काही पटवायची ताकद राहिली नव्हती. ड्युटीवरून आल्यावर कपडेही न बदलता मी एकेक रोप उपटलं. मग लक्षात आलं की हा पाला टाकायचा कुठे? काळ्या पिशवीत भरून नगरपालिकेच्या डब्यात टाकला आणि कुणी पिशवी उघडली तर? तेव्हा एकच मार्ग उरला. खायचा. पानं खुडली, दांडे बारीक चिरून बोळाच्या कोपऱ्यात ओतलेल्या त्याच मातीत पुरले, आणि आम्ही दोघी ती भाजी सकाळ-संध्याकाळ खात बसलो. तूरडाळीत, तांदळाच्या कण्यांत, नुसती ठेचून. रूममेटचे दात आंबले. "ताई, आता पोलीस आले तरी चालतील, पण अंबाडी नको," ती म्हणाली. बरण्यांतला वाळका पालाही शेवटी डाळीत गेला.

शुक्रवारी सुपरवायझर आली. पालथे घातलेले डबे पाहिले, खरवडलेल्या चिकटपट्ट्या पाहिल्या. मग वासाने स्वयंपाकघरात आली.

"हे तेच?"

"तेच. शेवटचं."

ती उभ्यानेच थांबली, मग खुर्ची ओढून बसली. खुबूस रोटीचा तुकडा मोडला आणि घास घेतला.

"लिंबू घातलंय?"

"नाही."

तिने आणखी एक तुकडा मोडला. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली आणि खाली बघून खात राहिली. ताटली पुसून घेतली, आपणच धुतली आणि गेली.

रूममेट म्हणाली, "आता बघा, पुन्हा लावायला सांगेल."

"तिने सांगितलं तरी मी लावणार नाही."

नोव्हेंबरात ऑफिसमध्ये बोलावलं. फाइल कोरी होती. करार दोन वर्षांनी वाढला. सही करून बाहेर आले तेव्हा मुलाला फोन करायला हवा होता. मी आधी व्हरांड्यात खुर्ची शोधली आणि बसले.