आत्याची पावणेतीन मिनिटं

सात वेळा. सात वेळा त्या बँडनं आपली निवडक गाणी काढली. आधी 'सर्वोत्तम', मग 'सर्वोत्तम भाग दोन', मग 'सुवर्णकाळ', मग 'प्रवासासाठी खास'. पुढची नावं मला आठवतात, पण उच्चारायची नाहीत. तीच बारा-पंधरा गाणी, वरचा फोटो तेवढा बदललेला, आणि लोक भाबडेपणानं परत परत घेतायत. मीही घेतली सातही. मी काही त्यांची चाहती नाही. माझी आत्या त्यात सापडते का ते बघायला घेतली.

बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यांचं ते पुलाचं गाणं गुणगुणायला लागाल आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाईल. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारी बसून "ब्रेक! अहो, ब्रेक म्हणजे मधला!" असं ओरडायचं, हाच माझा धंदा. तेव्हा आवाज थोडा चढला तर सांभाळून घ्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आता एकाहत्तर वर्षांची, माझ्याकडेच राहते. बाविसाव्या वर्षी ती त्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायची. पाच जणांत एकटी बाई. पुलाचं गाणं मुळात सहा मिनिटांचं होतं. पहिली सव्वातीन मिनिटं गायक गातो, गिटार वाजते, ते सगळ्या जगाला पाठ आहे. त्यानंतर ऑर्गन सुरू होतो. आधी खालच्या पट्ट्यांवर, ड्रम आणि बेस सोबत घेऊन. मग ड्रम थांबतो, बेस थांबतो, आणि आत्या एकटी उरते. तिथून ती वर वर चढत पार उजवीकडच्या शेवटच्या पट्टीपर्यंत जाते आणि तो सूर धरून ठेवते. ही पावणेतीन मिनिटं तिनं स्वतः रचली होती, कुणी शिकवली नव्हती.

रेडिओवाले म्हणाले, एवढं लांब चालणार नाही. झालं! जिथे ऑर्गन सुरू होतो तिथून आवाज हळूहळू उतरवत नेला आणि गाणं संपवून टाकलं. पहिल्या छपाईच्या पाचशे तबकड्यांवर तेवढं पूर्ण गाणं होतं. दुसऱ्या छपाईपासून तिथेही आखूडच. आमची तबकडी त्या पाचशेतली होती, पण बाबांनी ती गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवली आणि उन्हात तिची पार वाटी झाली. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. नंतर मी जुन्या तबकड्यांची दुकानं पालथी घातली, इंटरनेट उपसलं. सगळीकडे सव्वातीन मिनिटं.

आणि बँडमधून आत्या गेली कशी? तर ऑर्गन जड होता म्हणून! उचलायला चार माणसं लागायची. गाणं गाजलं, दौरे सुरू झाले, नवे मोठे स्पीकर आले, आणि गायक तिला म्हणाला, "गाडीत एक तर ऑर्गन बसेल, नाहीतर स्पीकर." गरज सरो, वैद्य मरो. दोन महिन्यांत हलका कीबोर्ड घेऊन दुसरा एक जण उभा राहिला. कानामागून आला आणि तिखट झाला. सातही संग्रहांच्या पुस्तिकेत पुलाच्या गाण्याखाली ऑर्गन म्हणून त्याचं नाव आहे. त्यानं त्या गाण्याला बोट लावलेलं नाही हो!

हे मी बोलायला लागले की आत्या म्हणायची, "अगं, खरंच जड होता तो. माझंच चुकलं, हलका घ्यायला हवा होता."

त्यानंतर तिनं तेहतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात काढली. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा, तडा दिसला की बाटली उचलायची आणि बाजूच्या पिंपात टाकायची. तासाला काही हजार बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या. कानात घालायला कापूस, तोही ज्याचा त्यानं घरून आणायचा. ड्रमच्या शेजारची दोन वर्षं आणि या बाटल्या, दोन्हींनी मिळून तिचे कान खाल्ले. दारावरची घंटा तिला ऐकू येईनाशी झाली तेव्हा मी तिला तपासायला नेलं.

कानाचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "बारीक, वरचे आवाज आधी जातात. यांचे बरेच गेलेत. यंत्र लावू, पण गेलेलं परत येत नाही. राहिलेलं वर्षभर टिकेल, कदाचित कमीच."

परत येताना गाडीत आत्या म्हणाली, "एकदा ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं गं. मग गेले कान तरी चालतील." आयुष्यात या बाईनं माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही. चहात साखर कमी पडली तरी तसाच पिते.

आणि तीनच महिन्यांनी पत्र आलं. बँडला पन्नास वर्षं होत होती म्हणून कंपनी मोठी पेटी काढणार होती. चार तबकड्या, जाडजूड पुस्तक, सगळी कारकीर्द आरंभापासून. नाव काय, तर 'संपूर्ण'. पुस्तकात एक जुना फोटो छापायचा होता. त्यात आत्या बरोबर मध्ये उभी, कापून काढता येईना, म्हणून तिची सही हवी होती. स्टुडिओत या, गाणी ऐका, सही करा.

मी फोन लावला. "पुलाचं गाणं पूर्ण आहे ना? सहा मिनिटांचं?"

"मॅडम, पेटीचं नावच 'संपूर्ण' आहे," कंपनीची बाई म्हणाली.

मी विश्वास ठेवला. मी! शिकाऊ माणसानं "आरसा बघितला" म्हटलं तरी मी स्वतः मान वळवून बघते. आत्याला सांगितलं, तर तिनं कपाटातून चांगली साडी काढली, यंत्रात नवे सेल घातले, आणि दोन दिवस घरात टेबलाच्या कडेवर बोटं चालवत बसली.

स्टुडिओ म्हणजे बिनखिडक्यांची खोली. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, समोर माणसाएवढे दोन स्पीकर, आणि मध्ये बटणांचं लांबलचक टेबल. त्याच्यामागे साउंडवाला बसला होता, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. कंपनीची बाई कागद घेऊन तयारच. आणि सोफ्यावर गायक. खोलीत ऊन नाही, तरी काळा चष्मा आणि हॅट. तो उठला, आत्याच्या गळ्यात पडला. "किती वर्षांनी गं! अजिबात बदलली नाहीस." खुळा कुठला. पन्नास वर्षांत न बदलायला ती काय खांब आहे?

आत्याला मधल्या खुर्चीत बसवलं. साउंडवाल्यानं गाणं सुरू केलं. आवाज खणखणीत, मान्य करते. पहिलं कडवं, दुसरं कडवं, गिटार. आत्यानं डोळे मिटले होते. गिटार संपली, ऑर्गनचा पहिला सूर आला, तिची बोटं मांडीवर हलली.

आणि साउंडवाल्यानं एक बटण हळूच खाली ओढायला सुरुवात केली.

मला कळेपर्यंत आवाज अर्धा झाला होता. आत्यानं डोळे उघडले. हात कानामागे गेला. यंत्राचं चाक तिनं वर फिरवलं, मग आणखी वर, मग दुसऱ्या कानाचं. ती पुढे वाकली, आणखी वाकली. खोली शांत झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, असा चेहरा मी तिच्यावर कधी पाहिला नव्हता.

"गेलं गं," ती म्हणाली. "आत्ताच जायचं होतं बघ. ऐकू यायचं थांबलं."

गायक पुढे झाला, तिच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय वाजवलं होतंस तू! अजून अंगावर काटा येतो."

आणि आत्या त्याला म्हणाली, "खरंच? आवडलं?" वर हात जोडले हो तिनं! कंपनीच्या बाईनं तेवढ्यात पेन पुढे केलं.

मग मात्र माझा बांध फुटला. ऑर्गन जड होता, दोष तिचा. बाटल्यांनी कान गेले, दोष कापसाचा. आता हेही तिनं आपल्याच कानांवर घ्यायचं?

"आत्या, पेन ठेव खाली," मी ओरडले. "तुझ्या कानांना काही झालेलं नाही. यांनी आवाज कमी केला. या बटणवाल्यानं, माझ्यासमोर. आणि हा गृहस्थ तुझ्या तोंडावर खोटं बोलतोय."

"हे पहा," गायक म्हणाला, "लोकांना जे ओळखीचं आहे तेच द्यावं लागतं. तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला 'संपूर्ण' या शब्दाचा अर्थ कळतो. तुम्हाला सांगू का?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे मला येतंय ऐकू?" एवढंच विचारलं तिनं. चेहऱ्यावर केवढी सुटका! मग ती साउंडवाल्याकडे वळली. "बाळा, पुढचं आहे का रे तुझ्याकडे?"

साउंडवाल्यानं गायकाकडे बघितलंही नाही. "आहे, आजी," तो म्हणाला. "सगळं आहे." त्यानं गाणं मागे नेलं, बटण पार वर ढकललं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

ऑर्गन आला. खालचे सूर, ड्रम, बेस. खुर्चीचे पाय हादरत होते. आत्या ताठ बसली होती आणि हसत होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. आयुष्यभर मी तिला बाटल्या बघणारी म्हणूनच पाहिलं होतं, ही बाई असं वाजवायची हे मला तेव्हा कळलं, आणि राग आणखीच वाढला. ड्रम थांबला. बेस थांबला. ऑर्गन एकटा वर चढायला लागला, धारदार, बारीक, आणखी वर. कंपनीच्या बाईनं कानांवर हात ठेवले, इतका तो आवाज मोठा होता.

आत्याचं हसू मावळलं. तिनं यंत्र चाचपलं. चाक आधीच शेवटाला होतं. तिनं माझं मनगट धरलं.

"परत कमी केलं ना गं यांनी?"

गायक तोंड उघडणार होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. साउंडवाल्याचे हात मांडीवरच होते, ते तिला दिसले नाहीत.

"हो, आत्या," मी म्हणाले. "परत कमी केलं."

आत्या उठली. खुर्ची मागे पडली. तिनं समोरचे कागद उचलले आणि गायकाच्या अंगावर भिरकावले.

"लाज नाही वाटत तुला?" ती किंचाळली. "जड होता म्हणालास, मी ऐकून घेतलं. माझ्या गाण्याखाली दुसऱ्याचं नाव घातलंस, ऐकून घेतलं. एकदा मला शेवटपर्यंत ऐकू दिलं असतंत तर तुमच्या बापाचं काय जात होतं रे, मेल्यांनो? एकदाच मागितलं होतं!"

तिला एवढं मोठ्यानं ओरडावं लागत होतं, कारण शेवटच्या पट्टीवरचा तो सूर सुरू होता. तिनंच धरून ठेवलेला. खोलीतल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता. गायकानं हॅट काढून हातात धरली होती आणि तो शिव्या खात उभा होता. मी तिला थांबवलं नाही.