कोळशाच्या खुणा

शिमगा जवळ आला की आमच्या घरी दोघांना मातीचा सोस चढतो: कोंबड्यांना आणि मला. दोघंही सांदवाडीत शिरतो, दोघंही माती उकरतो, आणि दोघांच्या उकरण्यातून सहसा काही उगवत नाही. कोंबड्या निदान मधूनमधून अंडं तरी देतात.

सांदवाडी म्हणजे घरामागचा मोकळा तुकडा. एका कोपऱ्यात विहीर, दुसऱ्यात खुराडं, मध्ये मुंगन्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, आणि उरलेल्या जागेत माझी शेतीविषयक मतं. बायको मुलीच्या बारावीसाठी गोंदियात खोली घेऊन राहते. गावच्या घरी आम्ही दोघंच, मी आणि माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर फायली हलवायच्या आणि संध्याकाळी फोनवर बागकामाचे व्हिडिओ पाहायचे, असा माझा कृषिक्षेत्राशी संबंध. त्या व्हिडिओंतली माणसं हातमोजे घालून कुंडीत एक टमाटर लावतात आणि त्याला जीवनशैली म्हणतात. मी हातमोजे घेतले नाहीत, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

फागुनातली कामं ठरलेली. हिवाळी वालाचे वाळलेले वेल ओढून काढायचे, माती पलटायची, कोहळ्या-भोपळ्याची आळी करायची, दोडक्याला बांबूचा मांडव घालायचा, आळ्यांवर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरायचं. मी तणस पसरायचो, कोंबड्या ते लगेच विसकटायच्या, मी पुन्हा पसरायचो. मी त्याला आच्छादन म्हणायचो, त्या त्याला जेवण म्हणत असाव्यात. मग खुराड्यातलं ताजं खत मी वांग्याच्या रोपांना मुठी-मुठीने घातलं. बाई म्हणाली, "ताजं नको घालू गा बाबू, जाळून टाकन ते." मी तिला सेंद्रिय शेतीवर थोडं बोललो. तिने ऐकून घेतलं. चार दिवसांत रोपं करपली. तिने काही म्हटलं नाही, फक्त शेजारी दुसरी रोपं आणून लावली. आमच्या घरात न बोलण्याचा गुण माझ्याकडे आहे असं मी समजत होतो. तो तिच्याकडे आहे. माझ्याकडे आहे तो दोष.

बाई या घरी परत आली त्याला बरीच वर्षं झाली. लेकरू झालं नाही, मग नवरा गेला, मग सासरी तिला जागाही उरली नाही. तिथे पेरणीच्या दिवशी तिला बियाण्याला हात लावू देत नसत. टोपली दुसऱ्या सुनेच्या डोक्यावर, आणि हिला सांगायचे, तू चूल पाहा. हे तिने मला एकदाच सांगितलं, परत येताना एसटीत, खिडकीबाहेर पाहत. मी "हूं" म्हणालो. एवढं मोठं दुःख ऐकून "हूं" म्हणता येणं यालाही साधना लागते.

इथे आल्यावर तिने पहिलं काय केलं, तर बाजारातून एक कोंबडी आणली आणि आंगणाच्या कडेने कोहळ्याचं बी टोचलं. दोन्ही वाढलं. तेव्हापासून सांदवाडीतलं बी तिच्या हाताने पडतं आणि कोंबडी तिच्या हाताने अंड्यावर बसते. मी फक्त मतं देतो.

तर त्या फागुनात एक काळी कोंबडी खुडूक झाली. खुडूक झालेली कोंबडी म्हणजे रजेवर गेलेला सरकारी माणूस. अंडं देणं बंद, जागेवरून हलणं बंद, जवळ गेलात तर अंगावर धावून येते. बाईने तिच्यासाठी निवडून अंडी साठवली होती, गाडग्यात, धानाच्या भुशात. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक तिरपी फुली. कोंबडी बसल्यावर दुसऱ्या एखादीने तिथेच अंडं घातलं तर ताजं कोणतं आणि उबवायचं कोणतं हे कळावं म्हणून ही खूण. त्या दिवशी बाई एका लग्नाला गेली. दुसऱ्या दिवशी येऊन कोंबडी बसवणार होती.

आणि त्याच दिवशी माझे दोन सहकारी मोटारसायकलने आमच्याकडे आले. माझी बाग पाहायला. कचेरीत मी बागेचं वर्णन थोडं सढळ हाताने केलं होतं. प्रत्यक्षात दाखवायला करपलेली वांगी आणि अर्धवट मांडव होता. एकाने विचारलं, "भाऊ, बगीचा किधर है?" मला काहीतरी दाखवणं भाग होतं. मी म्हणालो, "अरे, बगीचा सोडा. घरची गावरान अंडी खाल्ली का कधी?"

बाकीचं सांगण्यासारखं फारसं नाही. भुर्जी चांगली झाली. कांदा बारीक चिरला होता, मिरची आमच्याच झाडाची. कोळशाच्या फुल्या असलेली टरफलं मी मुंगन्याच्या बुडाशी पुरली. दोघांनी ताट पुसून खाल्लं आणि "एकदम ऑर्गॅनिक" असं प्रमाणपत्र देऊन गेले.

ते गेल्यावर रिकामं गाडगं दिसलं. मी शिकलेला माणूस असल्यामुळे मला उपाय लगेच सुचला. बाईला खरं सांगणं हा उपाय त्यात नव्हता. मी गाडी काढून बाजारात गेलो. दुकानात तांबूस अंडी होती, खोक्यावर "गावरान" असं लिहिलेलं. दुकानदाराला विचारलं, "यातून पिल्लं निघतील ना?" तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "भैया, अंडा खाने का है कि पालने का?" या प्रश्नाला मी उत्तर म्हणून धरलं नाही. गावरान लिहिलं आहे म्हणजे गावरान असणारच, लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्याचाच तर मला पगार मिळतो.

घरी येऊन चुलीतला कोळसा घेतला आणि एकेक फुली काढली. तिची तिरपी असते, उजवीकडे झुकलेली. पहिल्या दोन जमल्या नाहीत, थुंकी लावून पुसल्या, पुन्हा काढल्या. कचेरीत एवढ्या निगुतीने मी कधी एक टिपणही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईने टोपलीत तणस घातलं आणि अंडी हातात घेऊन एकेक ठेवू लागली. मध्येच थांबली.

"अंडे मोठे दिसून राहिले रे."

"कोंबड्या चांगल्या खातात ना आता," मी म्हणालो.

"असन. माह्या चष्म्याले तसं दिसत असन."

तिच्या चष्म्याची एक काच कधीची तडकली होती. ती बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. तेही माझ्याकडे सुखरूप होतं.

पुढचे तीन आठवडे मी घरात असा वावरलो की जणू मीच अंड्यावर बसलो आहे. काळी कोंबडी दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि धावत परत. बाई तिच्यासमोर वाटी ठेवून म्हणायची, "खाऊन घे माय, थोडेच दिवस राहिले." कुंपणापलीकडच्या काकूंनीही त्याच आठवड्यात कोंबडी बसवली होती. दोन्ही घरांना कोंबडा एकच, त्यांचा. तो कुंपण मानत नाही.

काकूंकडे पिल्लं निघाली. आमच्याकडे काही नाही. बाई आणखी थांबली. मग तिने एक अंडं फोडून पाहिलं. आत काहीच धरलं नव्हतं. दुसरंही तसंच. काकू कुंपणावर हात ठेवून उभ्या होत्या.

"अजी बाई, एकही नाही निघालं? माह्या तं टोपलीभर निघाले."

"नाही निघालं."

"कोंबडा तं एकच हाये दोघींचा."

"हो."

"नसते जी एखाद्याच्या हाताले येस. त्याले कोन काय करन."

काकू वाईट बाई नाहीत. मनात येतं ते बोलतात आणि मोकळ्या होतात. मी तिथे दोडक्याच्या मांडवाला सुतळी बांधत होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी गाठ आणखी पक्की केली.

बाईने अंडी मुंगन्याखाली पुरली, नेमकी जिथे मी टरफलं पुरली होती त्याच्या शेजारी. खाली काय आहे ते तिला दिसलं नाही. काळी कोंबडी रिकाम्या तणसावर तशीच बसून राहिली. तिला उठवलं की पुन्हा जाऊन बसायची. फसवणूक झालेल्यांमध्ये तिचाही नंबर होता, पण निदान ती स्वतःला दोष देत नव्हती.

बाईने ते किती मनाला लावून घेतलं हे मला कळलं त्या रविवारी. मी कोहळ्याची आळी करून ठेवली होती. ती लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं बी घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवलं.

"तूच टोच."

"मी? मला कुठे येतं?"

"येईन. माह्या हातानं नको." ती आळ्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "सासरचे खरंच म्हणत होते का काय माहीत. इतके दिवस उगवलं ते जमीन चांगली होती म्हनून उगवलं असन."

मी बी घेतलं. ओणवा झालो. बोटाने भोक पाडलं, बी टाकलं, माती लोटली. भोक खूप खोल गेलं हे मलाही कळलं. एरवी ती म्हणाली असती, विहीर खोदून राहिला का? माझी चूक दुरुस्त करण्याचा हक्कही तिने सोडून दिला होता. दुसरं आळं. तिसरं. ती उभी होती, हात पदराखाली घेऊन.

तिसऱ्या आळ्याशी मी म्हणालो, "बाई, ती अंडी दुकानची होती."

"कोनती?"

"कोंबडीखालची. तुझी आम्ही खाल्ली. तू लग्नाला गेली होतीस तेव्हा. भुर्जी केली."

तिने पदराखालचे हात बाहेर काढले.

"कांदा घातला होता?"

"घातला होता."

"माहे अंडे, माहाच कांदा." मग तिला काहीतरी आठवलं. "अन् कोळशाच्या खुणा?"

"मी काढल्या."

"तिरप्या?"

"तिरप्या."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की फुल्या सरळ काढल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"तीन आठवडे पाहून राहिला होता तू. ती काकू बोलली तेव्हा तू तिथंच होता. काऊन नाही बोलला?"

मी "हूं" म्हणालो, सवयीने.

"आता बोल," ती म्हणाली.

"बोललो ना."

"मले नाही. तिले. कुंपणाजवळ जा अन् मोठ्यानं बोल. तिनं मोठ्यानं म्हटलं होतं."

मी गेलो. गावात माझा मितभाषी, अब्रूदार माणूस असा लौकिक आहे. ग्रामसभेतही मी हात वर करत नाही. त्या माणसाने कुंपणाला धरून, मोठ्याने, दुकानच्या अंड्यांवर खोट्या फुल्या काढल्याची हकीगत सांगितली. काकूंच्या आंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांची सून आणि आणखी दोघी-तिघी ती निवडत होत्या. त्यांनी निवडणं थांबवलं.

काकू म्हणाल्या, "अजी साहेब, तुम्ही तं कोंबडीलेही नाही सोडलं!" आणि एवढ्या हसल्या की त्यांचा कोंबडा कुंपणावरून पळाला. मग हसणं आवरून पलीकडे पाहत म्हणाल्या, "बाई, माहं बोलणं मनावर घेऊ नका जी." बाईने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती खाली बसली होती. माझ्या आळ्यांतलं बी बोटाने उकरून वर काढत होती आणि आपल्या मापाने पुन्हा टोचत होती. "विहीर खोदून राहिला होता," असं स्वतःशीच म्हणाली.

त्यानंतर कितीतरी दिवस तिने मला जेवण वाढलं, पण बोलली नाही. मी तालुक्याला जाऊन काच बदलून चष्मा आणला आणि तिच्या देव्हाऱ्याजवळ ठेवला. तिने तो घातला. आभार वगैरे नाही. नव्या काचेतून तिने पहिल्यांदा पाहिला तो माझा वांग्याचा वाफा, आणि हळहळली.

मग दुसरी एक कोंबडी खुडूक झाली. बाईने गाडगं ओसरीत आणलं. एकेक अंडं उन्हासमोर धरून, काचेतून नीट न्याहाळून बाजूला ठेवलं. मी मांडवाखाली बसून सुतळीच्या उगाच मारलेल्या गाठी सोडत होतो. तिने चुलीतून कोळसा आणला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

"घे," ती म्हणाली. "खुणा तूच काढ. तुहा हात बसला हाये."