दत्तूचा आवाज आणि एक जादा वाक्य

"दत्तू गेला रे," विनायक फोनवर म्हणाला. दत्तू गेल्याचा राहू दे, मला आधी धक्का बसला तो विनायकनं त्याचं नाव घेतल्याचा. घाटकोपरच्या आमच्या चाळीत दोघांची दारं समोरासमोर, तरी वर्षभर या बहाद्दरांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. चाळीत हे जमवायचं म्हणजे सर्कशीचं काम.

दत्ताराम आमच्या गणपती मंडळाचा आवाज. दरवर्षी हलता देखावा, त्यावर दत्तूचं निवेदन. तो नुसता "सावधान" म्हणाला तरी भांडुपपर्यंतची कुत्री शेपूट घालत. थोडं वाढवून सांगतोय... विक्रोळीपर्यंत नक्की. रेकॉर्डिंग मी करायचो, विनायक बाहेर स्पीकरपाशी. दत्तू आधी खाकरायचा, मग विचारायचा, "विन्या, ऐकू येतंय का?" विन्या ओरडायचा, "येतंय रे, बोल." त्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे.

गेल्या वर्षी सीमेवर लढाई झाली आणि विनायकनं, म्हणजे आमच्या अध्यक्षानं, देखावा ठरवला: विजयगाथा. पुठ्ठ्याचा रणगाडा, खरा धूर. दत्तू म्हणाला, वाचतो, पण शेवटी एक वाक्य माझं. 'ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही, त्यांच्यासाठी आता थोडा वेळ धूर आणि आवाज बंद.' बैठक अशी पेटली की रणगाड्याची गरजच उरली नाही. कोणी म्हणालं, ही शत्रूची भाषा. कोणी म्हणालं, लढून नक्की मिळालं काय, ते तरी निवेदनात सांगा.

"त्यांनी मारायचं आणि आपण गप्प बसायचं?" विनायक उठून उभा राहिला. "माझा पोरगा, प्रसाद, तिथे सीमेवर उभा आहे. कशासाठी उभा आहे, ते मला मोठ्यानं ऐकायचंय. मध्येच शांतता कसली?"

"प्रसाद तिथे आहे म्हणूनच बोलतोय, विन्या."

"अभद्र बोलू नको."

दत्तूचा थोरला भाऊ आधीच्या एका लढाईत गेलेला. त्यांच्या आईला मंडळ दरवर्षी स्टेजवर बोलवून शाल घालायचं. इतक्या शाली जमल्या की अख्खा हिमालय पांघरून निजला असता. म्हातारी घामानं निथळत घरी यायची आणि म्हणायची, "ह्या उकाड्यात शाली घेवन मी काय करू रे, दत्तू?" लढाई कशासाठी होती, हे तिला दरवर्षी कोणीतरी माईकवरून समजावून सांगे. ती ऐकून घेई. शाली मात्र तिनं कधी उलगडल्या नाहीत... ती गेल्यावर दत्तूनंही नाहीत.

वाक्य नाही तर आवाज नाही, म्हणून दत्तू निघून गेला. भाड्याचा निवेदक आला. देखाव्याला तोबा गर्दी झाली. विनायक रोज पहिल्या रांगेत, हातात मोबाइल. प्रसादचा फोन येईल म्हणून आवाज वाढवलेला.

दत्तूचा बारावा-तेरावा आटोपल्यावर विनायक माझ्याकडे आला. यंदाही तोच देखावा करायचा होता. "त्यानं ते निवेदन कधी वाचलं होतं?"

वाचलं होतं. बैठकीच्या आदल्या रविवारी माझ्याच खोलीत, चाचणी म्हणून. मी लावलं. आधी नेहमीचं खाकरणं-बिकरणं. मग पूर्ण विजयगाथा, तोफांसकट, विक्रोळी हादरेल अशी. मग त्याचं वाक्य, एकदम हळू. विनायक खाली बघत बसला होता.

"मला अजून पटत नाही," तो म्हणाला. "पण राहू दे. कापू नको."

"सुरुवातीचं खाकरणं काढू ना?"

"परत लाव."

मी परत लावलं. दत्तू खाकरला. त्या दिवशी खोलीत विनायक नव्हता, तरी सवयीनं त्यानं विचारलंच होतं, "विन्या, ऐकू येतंय का?"

विनायकनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. स्पीकरकडे तोंड करून, नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाला, "येतंय रे, बोल."