पलीकडं काय दिसतंय?

नव्वदच्या दशकात मी सायखेड्याच्या शाळेत शिकवायचो. हिवाळ्यातल्या रविवारी झेंडू पिकवणारे एक गृहस्थ मला आपल्या लहान होडीतून गोदावरीत फिरवायला न्यायचे. वयानं ते बरेच मोठे, पण आमचं जमायचं. बोलण्याआधी ते घसा खाकरायचे, वल्ही थांबवायचे आणि बोट दाखवायचे. "तो बघा मास्तर, पाणकावळा."

एका हिवाळ्यात हे दाखवणं बंद झालं. उलट तेच मला विचारू लागले, "पलीकडं काय दिसतंय?" मी सांगत राहायचो. एकदा मासेमारांनी पाण्यात रोवलेल्या बांबूवर होडी सरळ जाऊन आदळली, तेव्हा मला कळलं. त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "घरी बोलू नका."

काठावर त्यांची बायको भाकरी घेऊन उभी होती. उतरता उतरता ते तिला सांगू लागले, "लय बदकं आलीत आज. आन् एका बगळ्याच्या चोचीत मासा." सगळे माझेच शब्द होते. ती "व्हय का?" म्हणत ऐकत होती.

ते होडी बांधायला वाकले आणि खुंटा चाचपू लागले. तेवढ्यात ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, मला कवाचं ठाव हाय. त्यांना कळू देऊ नका."

मग तिनं मोठ्यानं विचारलं, "केवढा व्हता मासा?"

ते उठून वळले आणि दोन्ही हात पसरून, ती नव्हती त्या बाजूला, माशाची लांबी दाखवू लागले.