नळीतला लाल रंग

गल्लीत त्याला सगळे नळराजा म्हणत. राज्य म्हणाल तर पान्हे, वॉशर आणि गुडघ्यांवर कायम ओली असलेली पॅन्ट. माणूस हाताचा सोन्यासारखा, डोळ्यांचा मात्र अर्धा. लाल, नारिंगी, पिवळा हे त्याला सगळे एकाच मातकट घरातले भाऊ वाटत. एकदा बायकोसाठी राखाडी म्हणून आणलेला स्वेटर गुलाबी निघाला, आणि तिनेही तो हट्टाने सगळा हिवाळा मिरवला. "बाबाचं इंद्रधनुष्य स्वस्तातलं आहे," असं चिमणी म्हणायची.

चिमणी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. शाळेत असतानाच तिच्या स्नायूंतलं बळ ओसरायला लागलं. आधी जिने सुटले, मग चालणं सुटलं, मग खुर्चीला चाकं आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "या आजाराला औषध नाही. पाण्यात अंग हलकं होतं, तिला झेपेल तोवर पाण्यात नेत जा." नळराजाने पहिलं वाक्य दवाखान्यातच सोडलं आणि दुसरं तेवढं घरी आणलं.

मग त्याने जिवाचं रान केलं. पोहण्याच्या तलावासाठी घरामागची जागा स्वतः खणली, पत्र्याच्या भिंती उभ्या केल्या, पंप बसवला. आत निळं विनाइलचं अस्तर लावायला मात्र माहितगार माणूस बोलावला. हा अस्तरवाला तोंडाळ होता, पण कामाचा पक्का. "हे अस्तर म्हणजे पाण्याची कातडी समजा," तो म्हणाला. "क्लोरीनचे दाणे थेट टाकाल तर पांढरे डाग पडतील, बादलीत विरघळवून घ्या. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडवर पाणी कधी ओतायचं नाही. आणि रोज नळी बघायची."

नळी म्हणजे बोटाएवढी काचेची. तिच्यात तलावाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. नारिंगी आला तर पाणी ठीक. लाल आला तर अ‍ॅसिड कमी पडलंय, पिवळा आला तर जास्त झालंय. इथे आपला राजा अडला. बायको दुपारीच इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची, ती रात्री उगवायची. म्हणून रंग सांगायचं काम चिमणीकडे आलं.

रोज तो खिडकीच्या उजेडात नळी धरायचा आणि ती न्यायाधीशासारखी निकाल द्यायची. "नारिंगी!" म्हणाली की तो तिला उचलून पाण्यात न्यायचा. त्याची बोटं धरून ती पाण्यात चालायची. खरंच चालायची! तेवढा वेळ नळराजाला जगात कुणाचा हेवा वाटत नसे.

पण आजार काही त्याच्या तलावाला भीक घालणारा नव्हता. एके दिवशी पाण्यात तिची मान सावरेना. नाकातोंडात पाणी गेलं, खोकून खोकून ती बेजार झाली. काठावर टॉवेलात गुंडाळल्यावर हसून म्हणाली, "ठसका लागला रे." त्याने ते मानलं, कारण त्याला मानायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने निकाल दिला, "लाल आहे, बाबा. आज नको."

त्याने हातमोजे चढवले, बादलीत अ‍ॅसिड पातळ केलं, काठाकाठाने ओतलं, पंप चालू ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशीही लाल. मग रोजच लाल. त्याने फिल्टरची वाळू बदलली, नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या, दुकानदाराशी भांडला. "धीर धर गं, पाणी ताळ्यावर आलं की उतरू," असं तो तिला म्हणायचा. ती मान हलवायची, जेवढी हलत होती तेवढी.

अस्तराला तळाशी सुरकुत्या पडलेल्या दिसल्या तेव्हा त्याने अस्तरवाल्याला बोलावलं. तो वाकून बघतच राहिला.

"पाणी ठेवलंय की लिंबाचं सरबत? किती अ‍ॅसिड ओतलंत?"

"लाल येतंय ना रोज!"

अस्तरवाल्याने नळी भरली, थेंब टाकले. "हे लाल? पिवळंधमक आहे हो!"

"औषध जुनं झालं असेल."

अस्तरवाल्याने आपल्या पिशवीतली नवी बाटली फोडली. "हेही पिवळंच. तुम्हाला लाल कोण सांगतं?"

अस्तरवाला अ‍ॅसिड उतरवायला सोडा किती टाकायचा, सुरकुत्या कशा काढायच्या ते सांगत राहिला आणि नळराजा नुसता हं हं करत राहिला. खरं सांगायचं तर आधी त्याला रागच आला. एवढा खड्डा कुणासाठी खणला? मग तो ठसका आठवला, टॉवेलातलं ते हसू आठवलं, आणि राग जागच्या जागी मेला. पोरीला पाणी झेपत नव्हतं. तिला पाण्याची भीती बसली होती, आणि बापाला तसं सांगण्याची त्याहून जास्त. पाणी सुधारलं की पोर सुधारेल, हे वेड त्याचं होतं. ती बिचारी ते सांभाळत होती.

सकाळी ती झोपेत असताना त्याने पाण्यात सोडा टाकला. दुपारी नेहमीसारखी नळी भरून खिडकीत धरली.

चिमणीने नळीकडे पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "लाल आहे, बाबा. गडद."

"हो का? मग आज नको," तो म्हणाला. "तू पडून राहा."

तिने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. हे सुटकेचे श्वास ती रोज सोडत असणार, आणि आपण मात्र अ‍ॅसिड मोजत बसलो.

ती खिडकीतून बघते हे ठाऊक होतं, म्हणून त्याने हातमोजे चढवले, चष्मा लावला. बादलीत नळाचं साधं पाणी भरलं आणि ते काठाकाठाने, जपून, बारीक धारेने ओतायला लागला.

"बाबा, वाफ नाकात जाईल," आतून तिचा बारीक आवाज आला. "तोंड फिरव!"

त्याने तोंड फिरवलं, आणि बादली रिकामी झाल्यावरही बराच वेळ तसंच ठेवलं.