साबणाच्या डबीतलं आकाशयुद्ध

समजा, तुम्हाला एक काम दिलं आहे. समोर लाकडाची एक पेटी आहे, दोन कपाटं शेजारी उभी केल्यावर होईल एवढी. आत काळं कापड, कापडावर चमकीचे तारे, आणि त्या ताऱ्यांमधून पत्र्याचं एक यान भिरभिरतंय. बाहेर टॉर्चची बंदूक. बंदुकीचा उजेड यानावर बसवलेल्या फोटोसेलवर पडला की रिलेचा विजेवरचा खटका खटकन ओढला जातो, लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. हे सगळं तुम्हाला साबणाच्या डबीत बसवायचं आहे. ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं चाललं पाहिजे, कारण ज्याच्यासाठी करायचं त्याचा उजवा हात गेलेला आहे. आणि मजा तीच आली पाहिजे. कुठून सुरुवात कराल?

अमडापूरचे रेडिओ मेकॅनिक गुलाम रसूल यांनी १९८२ साली हे काम हाती घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच घेतलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, आणि ती डबी मी उघडून पाहिली आहे. सोल्डरिंगचा एकेक ठिपका मोत्यासारखा गोल आहे. कामात चूक काढता येत नाही. चूक दुसरीकडेच झाली.

ज्याच्यासाठी डबी केली तो त्यांचा दोस्त हिंमतराव सुतार. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी या दोघांनी दुकानातल्या रेडिओवर एकत्र ऐकली होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचं पहिलं ‘आकाशयुद्ध’ सैलानीच्या जत्रेत उभं राहिलं. हिंमतरावांनी पेटी बनवली, रसूलभाईंनी वायरिंग केलं. ‘आकाशयुद्ध दोन’मध्ये एकाची दोन यानं झाली. ‘तीन’मध्ये यान बोलायला लागलं. देऊळगावराजा, मेहकर, जिथं जत्रा तिथं हे दोघं बैलगाडीत पेटी घालून हजर.

पेटीवर पाटी होती : ‘पूर्ण यांत्रिक’. ती पाटी खोटी होती. पेटीच्या मागच्या अर्ध्या भागात, गुडघे छातीशी घेऊन, हिंमतराव बसलेले असायचे. यानाची दांडी त्यांच्या हातात. समोरच्याची बंदूक कुठं वळते ते एका भोकातून बघायचं आणि यान तिथून काढायचं. लहान लेकरू असलं तर मुद्दाम हळू. मिशीला पीळ देत आलेला असला तर त्याला घामाघूम करून सोडायचं. वर पत्र्याच्या नळीतून आवाज : “काऊन बे, दम संपला का? मंगळाच्या सेनापतीशी गाठ हाय!”

दुसरबीडचे पंजाबराव एकदा बंदूक आपटून म्हणाले, “रसूलभाई, हे मशीन मले बे म्हन्ते!”

“मशीन मानूस पाहूनच बोलते, पंजाबराव,” रसूलभाईंनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं. आणि पेटीच्या आतून मशीनला ठसका लागला.

दोघांचा एक रिवाज होता. चार वाजता खेळ उघडायचा. हिंमतराव आत नीट बसले की लाकडावर दोनदा ठोकायचे. म्हणजे, मी बसलो. रसूलभाई बाहेरून एकदा ठोकायचे. म्हणजे, मी हाये, चालू दे. बाहेरून ठोका आल्याशिवाय हिंमतराव दांडीला हात लावायचे नाहीत. अकरा वर्षांत एकदाही नाही. ही खूण त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती, कारण सांगितली तर आत माणूस आहे हे उघड झालं असतं. हिंमतरावांनी ती बायकोलाही सांगितली नाही.

८२ च्या सैलानीहून परत आल्यावर महिन्याभरात हिंमतरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं साफ होतं. पहिले आठ दिवस रसूलभाई रोज जाऊन खाटेशी बसले. नवव्या दिवशी हिंमतराव म्हणाले, “मोठी पेटी इकून टाक बे. आता मी काही मावत नाही तिच्यात.”

तिथून रसूलभाई उठले ते थेट दुकानात आले आणि त्यांनी साबणाची डबी रिकामी केली.

अकरा आठवडे लागले. मुंबईहून टपालानं चिप मागवली, ती आली तर पाय मोडलेली. दुसरी मागवली. दहा लाल बारीक दिवे एका ओळीत, खाली एक बटण. दिवा इकडून तिकडे उड्या मारतो, तेच यान. मधल्या खुणेवर आला की बटण दाबायचं. या अकरा आठवड्यांत ते दोस्ताकडे एकदाही गेले नाहीत. तोंडावर आनंद दिसला असता आणि गुपित फुटलं असतं, म्हणून. हिंमतरावांची बायको, बेबीताई, दोनदा दुकानावरून गेल्या. “भाऊजी, तिकडं फिरकले नाही तुम्ही?” “येतो ना वहिनी. काम हाय जरा.” दुकान ते घर चारशे पावलं.

ऑगस्टात एका दुपारी ते डबी घेऊन गेले.

“घे. आकाशयुद्ध चार.”

हिंमतरावांनी डबी डाव्या हातात धरली. “एवढंसं?”

“बटन दाब. अंगठ्यानं.”

पहिल्या डावात ते तीनदा चुकले. दुसऱ्या डावात एकदा. तिसऱ्यात एकदाही नाही. रसूलभाईंना इतका हर्ष झाला की त्यांनी बेबीताईंना हाक मारली. चौथ्या डावाला हिंमतरावांनी डबी बाजूला धरली, नजर छताकडे लावली आणि न बघता बटण दाबलं. दिवा बरोबर खुणेवर होता. पुन्हा दाबलं. पुन्हा बरोबर.

“तुले कसं समजलं बे?”

“तीनदा त्यानं तेच केलं,” हिंमतराव हळूहळू म्हणाले. मग डबी कानाशी नेऊन हलवली, आणि उशीजवळ ठेवून दिली. “रसूल्या, याच्यात कोनी बसलं नाही बे.”

“एवढ्याशा डबीत कोन बसन?” रसूलभाई हसले. हिंमतराव हसले नाहीत.

ती चिप एक ते दहा मोजते, एवढंच. रसूलभाईंनी तारा उलटसुलट जोडल्या होत्या, म्हणून दिवा वेड्यासारखा उड्या मारतो असं वाटतं. पण दर खेपेला उड्या त्याच. दुसरी चूक त्यांना घरी चालत येताना कळली. ज्या माणसानं अकरा वर्षांत बंदुकीला हात लावला नव्हता, ज्याचा सगळा जीव चुकवण्यात होता, त्याच्या हातात त्यांनी बंदूक दिली होती.

‘आकाशयुद्ध पाच’ त्यांनी रेडिओच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून ठेवलं आहे. दोन डब्या, मध्ये वायर. एकानं यान पळवायचं, दुसऱ्यानं नेम धरायचा. मी तो पुठ्ठा पाहिला. त्याला चिपसुद्धा लागत नाही. एक फिरता स्विच आणि अकरा तारा, अर्ध्या दिवसाचं काम. स्विच आणि तारा दुकानात पहिल्या दिवसापासून पडून होत्या. मी हे त्यांना बोलून बसलो. नको होतं बोलायला.

“मालूम हाय,” ते म्हणाले.

पण त्या ऑगस्टात त्यांचं मन मोडलं होतं. पुठ्ठा काढला आणि पुन्हा मुंबईच्या टपालाची वाट बघत बसले, या वेळी चांगल्या स्विचसाठी. स्विच आला त्याच्या आधीच्या सोमवारी हिंमतराव गेले.

तेरावं झाल्यावर बेबीताई डबी परत द्यायला दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या, पदरानं डबी पुसली.

“भाऊजी, एक इचारू? तुम्हाले मालूम असन. चार वाजले की हे खाटेच्या लाकडाले ठोकत. दोनदा. मंग कान देऊन पडून राहत. मी म्हनो, पानी पाह्यजे का, तं मान हालवत. पुन्हा दोनदा ठोकत. काय होतं ते?”

रसूलभाईंनी त्यांना ते काय होतं हे सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “रोज?”

“रोज.”

“कधीपासून, वहिनी?”

बेबीताईंनी आठवून पाहिलं. “पावसायात तं ठोकतच होते. डबी तुम्ही तवाच देली ना? आधी का नंतर... मले ध्यान नाही, भाऊजी. दिवस सारे सारखेच होते.”

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मोठी पेटी दुकानाच्या मागं उभी आहे, विकलेली नाही. मी डबीचे स्क्रू परत लावत होतो, तेव्हा रसूलभाईंनी समोरच्या टेबलावर बोटाच्या पेरानं एकदाच ठोकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

“डबी भेटल्यावर ठोकत असन, तं त्याले खेळाची याद येत असन. ते मी सहन करीन. पन आधीपासून ठोकत असन, तं अकरा हप्ते तो मले बलावत होता, अन् मी इथं बसून झाकन बसवत होतो. तू शिकेल मानूस हायेस, सांग. आधी का नंतर?”